पात्याखालची भाजी
पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील घरे आणि कँटीन यांतील काप-किसाचे यंत्र

फूड प्रोसेसर हे भाजी चिरण्याचे, काप करण्याचे, किसण्याचे आणि कणीक मळण्याचे विजेवर चालणारे यंत्र आहे. त्याचे भाग मोजके असतात. खाली मोटर, तिच्यावर बसणारे रुंद भांडे, भांड्याच्या मधोमध वर येणारा दांडा, दांड्यावर बसणारे पाते किंवा डिस्क, वर झाकण, झाकणावर उभी नळी आणि त्या नळीत सरकणारा दट्ट्या. तळाशी बसणारे वळणदार पाते भाजीचे बारीक तुकडे करते. सारख्या जाडीचे काप आणि मोकळा कीस मात्र वरच्या डिस्कनेच होतो. भाजी नळीतून खाली येते, फिरत्या डिस्कवर टेकते, कापली जाते आणि डिस्कमधल्या फटीतून भांड्यात पडते. सगळे काम एवढेच आहे. पण ते नीट होण्यासाठी धार, वेग, दाब आणि भाजीची बैठक या चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात या चार गोष्टी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि 1960 च्या दशकात टेल्को, बजाज ऑटो यांच्या मागोमाग भोसरी, चिंचवड, आकुर्डीत शेकडो लघुउद्योग उभे राहिले. 1970 मध्ये येथे नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महापालिका. पुढे उद्योग चाकणकडे सरकले: बजाज ऑटोचा तेथील कारखाना 1999 चा, फोक्सवॅगनचा 2009 चा. धातू कापणे, छिलणे, भोक पाडणे हा येथील लाखो घरांचा रोजचा धंदा आहे. लेथवर उभा राहणारा कामगार ‘जॉब’, ‘फीड’, ‘स्पीड’, ‘सेटिंग’ हे शब्द दिवसभर वापरतो. त्याच शब्दांनी घरातला फूड प्रोसेसरही समजून घेता येतो, कारण तोही एक छोटे कापयंत्रच आहे.

विळीपासून डिस्कपर्यंत

मराठी स्वयंपाकघरात चिरण्याचे मूळ साधन विळी. तिचे पाते स्थिर असते आणि भाजी हाताने पात्यावर ढकलली जाते. सुरीचे उलट आहे. तेथे भाजी स्थिर असते आणि पाते फिरते. किसणीतही पाते स्थिर आणि भाजी फिरती. पण विळी आणि सुरी या दोन्हींत मापाचा हिशेब हातात असतो. फोड किती जाड पडेल हे बोटांच्या अंदाजाने ठरते. वर्षानुवर्षे हाताखालून गेलेला तो अंदाज इतका पक्का असतो की न बघताही काप सारखे पडतात. फूड प्रोसेसरने हा अंदाज पात्यात बसवला. जाडी आता डिस्क ठरवते. हाताकडे उरते ते भाजी सरळ उभी करणे आणि तिला योग्य दाबाने खाली नेणे.

हे यंत्र मुळात फ्रान्सचे. हॉटेलांना साहित्य पुरवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या पिएर व्हर्दां यांना मोठ्या स्वयंपाकघरांत चिरण्या-किसण्यात किती वेळ जातो ते दिसत होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘रोबो-कूप’ हे हॉटेलांसाठीचे यंत्र तयार केले आणि पुढे त्याची घरगुती आवृत्ती ‘मॅजिमिक्स’ आली. अमेरिकेतील अभियंते कार्ल सोंथायमर यांनी त्यावरून ‘क्विझिनार्ट’ बेतले आणि 1973 मध्ये शिकागोच्या घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनात मांडले.

भारतात वाट वेगळी होती. येथील स्वयंपाकघराची पहिली गरज काप ही नव्हती, वाटण ही होती. डाळ, ओले खोबरे, सुक्या मिरच्या, मसाला यांना परदेशी मिक्सरची मोटर पुरत नव्हती. मुंबईत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी 1960 च्या दशकात भारतीय वाटणासाठी जोरकस मोटरचा ‘सुमीत’ मिक्सर आणला आणि तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. म्हणून येथे फूड प्रोसेसर बहुतेक वेळा मिक्सरचे जोडभांडे म्हणून आला: मोटर तीच, वर कधी चटणीचे भांडे, कधी काप-किसाचे रुंद भांडे. या इतिहासाचा परिणाम यंत्राच्या रचनेत आहे. मिक्सरची मोटर भाराविना मिनिटाला 18 ते 20 हजार फेऱ्या घेते. वाटणाला तो वेग लागतो. काप करायला तो फार होतो. त्या वेगाने डिस्क फिरली तर काकडीचे काप होणार नाहीत, ती भिंतीवर उडेल. म्हणून रुंद भांड्याच्या तळाशी गिअर किंवा पट्टा असतो. तो वेग खाली आणतो आणि जोर वाढवतो. दुचाकी चढावर पहिल्या गिअरमध्ये घेतात त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

फीड आणि स्पीड

लेथवर फीडचे गणित साधे असते. एका फेरीला टूल जितके पुढे सरकते त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे. काप करणाऱ्या डिस्कला हेच लागू पडते. डिस्कचा पृष्ठभाग आणि वर उचललेले पाते यांच्यातले अंतर म्हणजे कापाची जाडी. हे अंतर 2 मिलीमीटर आहे आणि डिस्क मिनिटाला 1,500 फेऱ्या घेते असे धरले तर एका पात्याची डिस्क मिनिटाला 3,000 मिलीमीटर, म्हणजे सेकंदाला 5 सेंटिमीटर भाजी खाते. 20 सेंटिमीटरचे गाजर चार सेकंदांत संपते. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो, कारण भाजी प्रत्येक फेरीला डिस्कवर पूर्ण टेकलेली नसते. या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते: यंत्राला घाई करण्याची गरज कधीच नसते. दट्ट्या जोराने दाबला तर काम लवकर होत नाही; मोटर दमते, मऊ भाजी चिरडते आणि कठीण भाजीचे काप वेडेवाकडे पडतात.

दाब फार कमी असला तरी बिघडते. गाजर डिस्कवर उड्या मारते आणि काप एक पातळ, एक जाड असे येतात. टोमॅटो, काकडी, पिकलेले केळे यांना हलका दाब पुरतो. बटाटा, दुधी, मुळा यांना मध्यम. गाजर, बीट, सुरण, कच्ची पपई यांना घट्ट, पण सारखा दाब लागतो. दाब मधेच सोडायचा नाही आणि झटका द्यायचा नाही.

दुसरा भाग जॉब पकडण्याचा. लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, जॉब (कापायचा तुकडा) सैल असेल तर तो थरथरतो आणि पृष्ठभाग खराब येतो. नळीत एकटे गाजर सोडले तर फिरती डिस्क त्याला बाजूला ओढते, गाजर कलते आणि गोल चकत्यांऐवजी लांबट अंडाकृती तुकडे पडतात. उपाय सोपा आहे. नळी भरून घ्यायची. दोन-तीन गाजरे एकत्र उभी करायची आणि एकाचे जाड टोक खाली, दुसऱ्याचे वर असे आलटून पालटून लावायचे. म्हणजे निमुळत्या गाजरांची जुडी वर-खाली सारख्या जाडीची होते आणि नळीत घट्ट बसते. खालचे टोक सपाट कापून घेतले की पहिलाच काप पूर्ण पडतो. बऱ्याच झाकणांत मोठ्या नळीच्या आत एक बारीक नळी असते. एकच गाजर किंवा एकच काकडी असेल तर ती बारीक नळीतून घालावी.

कारखान्यात सेटिंग बदलले की पहिला पीस तपासूनच लॉट चालवतात. डिस्क लावल्यावरही तेच करावे. एका गाजराचे काप काढून यंत्र थांबवावे, झाकण उघडून जाडी बघावी आणि मग उरलेली भाजी घालावी. पाच किलो गाजराचा कीस झाल्यावर डिस्क उलटी बसली होती हे लक्षात येऊन उपयोग नसतो.

डिस्कचे प्रकार

घरगुती यंत्रासोबत सहसा दोन किंवा तीन डिस्क येतात. काप करणाऱ्या डिस्कवर एक लांब सरळ किंवा किंचित वक्र पाते असते. कीस करणाऱ्या डिस्कवर किसणीसारखी अनेक उचललेली भोके असतात. भोके मोठी असली तर कीस जाड आणि मोकळा, बारीक असली तर मऊ आणि ओलसर. तिसरी डिस्क लांब काड्या काढते. ती चायनीज भात किंवा तळलेल्या बटाट्याच्या काड्यांसाठी उपयोगी. काही डिस्क दुहेरी असतात: एक बाजू काप, दुसरी कीस. कोणती बाजू वर ठेवायची याची खूण डिस्कवरच कोरलेली असते.

किसाची लांबी डिस्क ठरवत नाही, भाजीची बैठक ठरवते. गाजर नळीत उभे घातले तर आखूड कीस पडतो. तेच नळीच्या रुंदीइतके तुकडे करून आडवे ठेवले तर लांब, रेशमासारख्या शेवया निघतात. गाजर हलव्याला लांब कीस चांगला: दुधात शिजतानाही त्याचा दाणा टिकतो आणि हलवा लगदा होत नाही. कोशिंबिरीला आखूड कीस बरा, घासात नीट येतो.

भाजीनुसार बैठक

कांदा या पट्ट्याच्या दाराशीच आहे. खेड बाजार समितीच्या चाकण येथील महात्मा फुले मार्केट यार्डात कांदा, बटाटा, लसूण यांची मोठी आवक होते. तेथून पुढे भीमेकाठी राजगुरुनगरला भारतीय कृषी संशोधन परिषदेचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे आणि ‘भीमा सुपर’, ‘भीमा राज’, ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’, पांढरा ‘भीमा श्वेता’ ही वाणे तेथूनच आली. कांद्याला मुळापासून शेंड्यापर्यंत एक अक्ष असतो. हा अक्ष नळीत उभा ठेवला तर गोल चकत्या आणि कडी मिळतात. कांदा अर्धा करून अक्ष आडवा, डिस्कला समांतर ठेवला तर उभा चिरलेला कांदा मिळतो. भजी, बिर्याणीचा तळलेला कांदा, मसाल्यासाठी भाजायचा कांदा या सगळ्यांना उभाच कांदा लागतो. तो कडेने कुरकुरीत होतो आणि आतून गोड राहतो. पोह्यांसाठी बारीक चौकोनी कांदा काप-डिस्क देत नाही. तळाच्या पात्याने तो करायचा तर दोन-तीन छोटे झटके द्यायचे आणि थांबायचे. एक झटका जास्त झाला की कांद्याचे पाणी सुटते आणि फोडणीत तो परतला न जाता शिजतो.

कांद्याने डोळ्यांत पाणी येते त्याचे कारण पेशी फुटणे हे आहे. अख्ख्या कांद्यात गंधकयुक्त द्रव्य आणि विकर पेशींच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की ती एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हा वायू तयार करणारे खास विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये शोधून काढले. धारदार पाते कमी पेशी फोडते, बोथट पाते जास्त फोडते. बंद भांड्यात चिरताना वायू आतच राहतो आणि झाकण उघडताच वर येतो. म्हणून झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे. चिरण्याआधी कांदे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले तर त्रास कमी होतो.

बटाट्याची दोन कामे वेगळी: वेफर्स आणि कीस. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठाराचा बटाटा वेफर्सच्या उद्योगात नावाजलेला आहे. वेफर्सला कमी साखरेचा, कोरडा बटाटा लागतो. फार थंड जागी साठवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि तळताना वेफर लालसर-काळा पडतो. म्हणून वेफर्सचा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नये. घरगुती डिस्कचा 2 मिलीमीटरचा काप भाजीला आणि काचऱ्यांना उत्तम, वेफर्सला थोडा जाड होतो. त्यासाठी सर्वांत पातळ डिस्क हवी. काप लगेच पाण्यात सोडावेत, पाणी दुधाळ होईल ते दोनदा बदलावे. ते दुधाळपण म्हणजे स्टार्च. स्टार्च धुतला गेला की काप एकमेकांना चिकटत नाहीत. उपासाच्या किसाला बटाटा मोठ्या भोकाच्या डिस्कने किसून पाण्यात सोडावा आणि घट्ट पिळून घ्यावा, नाहीतर कढईत त्याचा गोळा होतो.

कोबी फूड प्रोसेसरचा सर्वांत मोठा लाभार्थी. विळीवर अर्धा गड्डा बारीक चिरायला निगुती लागते. डिस्क ते काम क्षणात करते. नळीत बसतील अशा गड्ड्याच्या फाकी कराव्यात, जाड दांडा काढावा आणि फाक अशी ठेवावी की पाते पानांच्या थरांना आडवे कापेल. कोबी काप-डिस्कने चिरायचा, किसायचा नाही. किसलेल्या कोबीला पाणी सुटते आणि भाजी लिबलिबीत होते.

फरसबी नळीच्या लांबीइतकी तोडून उभी ठासून भरली तर बारीक गोल तुकडे मिळतात. आडवी रचली तर लांब काप. तोंडली उभी ठेवावीत. कारल्याच्या चकत्या कुरकुरीत तळायच्या असतील तर जून बिया आधी काढाव्यात. सुरणासाठी हे यंत्र खरे वरदान आहे: त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हाताला खाज आणतात आणि यंत्रात चिरताना हात भाजीला कमीत कमी लागतो. बीट कांद्याआधी, पण बाकी भाज्यांनंतर घ्यावे, म्हणजे त्याचा रंग त्यांना लागत नाही. एकाच वेळी अनेक भाज्या करायच्या असतील तर क्रम असा: आधी कोरड्या आणि फिक्या, मग ओल्या आणि रंगीत, सर्वांत शेवटी कांदा. म्हणजे मधे भांडे धुवावे लागत नाही.

काही गोष्टी या यंत्राला द्यायच्या नाहीत. मेथी, कोथिंबीर, पालक डिस्कवर चेचले जातात आणि काळे पडतात. भेंडीची तार सुटते. शेवगा, धागेदार आले, अख्ख्या लाल भोपळ्याची साल यांना विळी किंवा सुरीच योग्य.

आणि काकडी चोचवणे. खमंग काकडीसाठी सोललेली काकडी हातात उभी धरतात, सुरीच्या धारेने तिच्यावर उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडतात आणि मग वरचा थर पातळ तासून घेतात. ताटात बारीक, अनियमित, कोरडे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा स्वच्छ धारेने सुटलेला असतो, म्हणून काकडीचे पाणी आतच राहते. दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू आणि तुपाची जिऱ्याची फोडणी त्याला धरून बसते आणि मीठ ऐन वाढतानाच घातले की कोशिंबीर कुरकुरीत राहते. किसाची डिस्क काकडीच्या पेशी फाडते. दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी पाणी साचते आणि कूट त्यात भिजून पिठूळ होते. काप-डिस्कने पातळ चकत्या करून, त्या एकावर एक रचून सुरीने बारीक केल्या तर चोचवण्याच्या जवळ जाता येते. तरी चव हातची ती हातचीच. खमंग काकडी हवी असेल त्या दिवशी यंत्र बंद ठेवावे.

चिरल्यानंतर

चिरलेल्या भाजीचा उघडा पृष्ठभाग किती वाढतो याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. 5 सेंटिमीटर बाजूच्या बटाट्याच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग 150 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे 2 मिलीमीटरचे 25 काप केले की तो 1,350 चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे नऊपट. किसात तो आणखी वाढतो. त्यामुळे हवा जास्त लागते, पाणी सुटते, क जीवनसत्त्व घटते आणि जंतूंना वाढायला जागा मिळते. बटाटा, वांगे, कच्चे केळे यांचा काळेपणा हा हवा आणि विकर यांच्या संयोगाने येतो. ती पाण्यात बुडवली की तो थांबतो. लिंबाचे चार थेंब घातले की आणखी बरे. गाजर, कोबी, फरसबी हवाबंद डब्यात, तळाशी कोरडे फडके घालून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहतात. भाजी धुवायची ती चिरण्याआधी. चिरलेली भाजी पुन्हा पुन्हा धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. बटाट्याचा स्टार्च काढणे एवढाच याला अपवाद.

कँटीनचे यंत्र

या पट्ट्यात भाजी चिरण्याचे सर्वांत मोठे काम घरात होत नाही, कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 46 नुसार 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन बंधनकारक करता येत असे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा 100 कामगारांवर आणली आणि त्यांत कंत्राटी कामगारही मोजले. ताटामागे 50 ग्रॅम कांदा धरला तरी हजार ताटांना 50 किलो कांदा चिरावा लागतो, तोही पहिल्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीआधी. तीन पाळ्यांच्या कारखान्यात हे दिवसातून तीनदा.

कँटीनचे यंत्र घरच्या यंत्राच्याच तत्त्वावर चालते, पण त्याला भांडे नसते. भाजी वरच्या तोंडातून जाते आणि चिरलेली भाजी बाजूच्या तोंडातून थेट खालच्या टोपात पडते. भांडे रिकामे करायला थांबावे लागत नाही. मोटर इंडक्शन प्रकारची, आवाज कमी, डिस्क मोठी आणि वेग मिनिटाला काही शे फेऱ्या एवढाच. म्हणून काप स्वच्छ येतो. आकार आणि भाजी यांनुसार अशी यंत्रे ताशी 100 ते 300 किलो भाजी चिरतात. 50 किलो कांदा अर्ध्या तासाच्या आत होतो.

पण कांदा आधी सोलावा लागतो. येथे असेंब्ली लाइनचा धडा लागू पडतो: एका स्टेशनचा वेग वाढवला की अडथळा पुढच्या किंवा मागच्या स्टेशनवर सरकतो. चिरण्याचे काम अर्ध्या तासावर आले तरी सोलणे, धुणे, खराब भाग काढणे ही कामे हातानेच होत राहिली, तर यंत्र बहुतेक वेळ रिकामे उभे राहते. चांगल्या कँटीनमध्ये म्हणून रांग लावतात. बटाट्याला खरखरीत तबकडीचे सोलणी-यंत्र, कांदा सोलायला आदल्या पाळीतली माणसे आणि चिरण्याचे यंत्र शेवटी. यंत्र विकत घेताना पहिला प्रश्न ‘ताशी किती किलो’ हा नसावा. ‘आपल्याकडे सोलणारे हात किती’ हा असावा.

अन्नसुरक्षेचे नियमही येथे कडक हवेत. कच्ची खायची भाजी पिण्यायोग्य पाण्याने धुऊन क्लोरीनच्या 50 पीपीएम द्रावणातून काढतात. चिरलेली भाजी 5 अंश सेल्सियसच्या खाली ठेवतात. डिस्कच्या फटीत अडकलेला कालचा कोबी हे शेकडो माणसांच्या पोटाच्या त्रासाचे कारण होऊ शकते. म्हणून प्रत्येक पाळीअखेर यंत्र सुटे करून धुणे हा कामाचाच भाग आहे.

महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत महिला बचत गटांचे खाद्यपदार्थांचे गाळे लागतात. चाकण-भोसरीत एकट्याने राहणाऱ्या कामगारांसाठी घरगुती मेस आणि खाणावळी चालतात. या मधल्या पायरीला कँटीनचे यंत्र मोठे आणि घरचे छोटे पडते. रोज 30-40 डबे करणाऱ्या घराने मिक्सरच्या जोडभांड्यावर अवलंबून राहू नये. मिक्सरची मोटर थोडा वेळ चालून विसावा घेण्यासाठी बनवलेली असते. तिच्या तळावर तशी सूचना छापलेली असते. सलग ताणली की ती तापते आणि तळाचा लाल सुरक्षा-खटका उडतो. खटका उडला तर मोटर थंड होऊ द्यावी, भार कमी करावा आणि मगच खटका दाबावा. वारंवार उडत असेल तर यंत्र लहान पडते आहे एवढाच त्याचा अर्थ.

घरातला हिशेब

कारखान्यात कोणत्याही यंत्राचा वेळ दोन भागांत मोजतात: सेटिंगचा आणि प्रत्यक्ष कामाचा. घरातही तसाच मोजावा. फूड प्रोसेसर काढणे, भांडे बसवणे, डिस्क लावणे आणि नंतर भांडे, झाकण, डिस्क, दट्ट्या असे चार भाग धुणे यात चार-पाच मिनिटे जातात. एक कांदा विळीवर अर्ध्या मिनिटात होतो. तेथे यंत्र काढणे तोट्याचे. अर्धा-पाऊण किलोच्या पुढे मात्र हिशेब उलटतो. भाजी दुप्पट झाली तरी यंत्राचा वेळ काही सेकंदांनीच वाढतो, हाताचा मात्र दुप्पट होतो.

पाळीवर चालणाऱ्या घराला याचा उपयोग फार आहे. सकाळच्या पाळीचा डबा पहाटे भरावा लागतो. त्या वेळी मिक्सर लावला तर शेजारच्या खोलीत रात्री उशिरा पाळीवरून येऊन टेकलेला माणूस जागा होतो. म्हणून चिरण्याचे काम संध्याकाळी करावे. भोसरी-चिंचवडच्या अनेक लघुउद्योगांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी बाजार करून गाजर, कोबी, फरसबी एका बैठकीत चिरून डब्यांत भरली तर पुढचे दोन दिवस डब्याची भाजी पंधरा मिनिटांत होते. महावितरणची देखभालीची वीजबंदीही पुणे परिसरात बहुधा गुरुवारीच असते, तेव्हा वेळ बघून बसावे. आणि हे काम घरातल्या कोणालाही जमते. विळीचा हात यायला वर्षे लागतात. नळी भरून दट्ट्या धरायला एक संध्याकाळ पुरते. चिरणे घरातल्या एकाच बाईच्या वाट्याला राहण्याचे कारण या यंत्राने संपवले आहे.

बोटे आणि धार

पॉवर प्रेसवर बोटे जाणे ही या पट्ट्याची जुनी वेदना आहे. त्यावर उपाय म्हणून चांगल्या प्रेसला दोन हातांचे बटण असते: दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. फूड प्रोसेसरचा इंटरलॉक याच विचाराचा आहे. भांडे आणि झाकण ‘खट्’ करून पूर्ण फिरल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. हा खटका काडी घालून चुकवणे म्हणजे प्रेसचे गार्ड काढून ठेवणे. नळीत बोट, चमचा, लाटणे काहीही घालू नये. दट्ट्या त्यासाठीच दिलेला आहे. बटण बंद केल्यावरही डिस्क क्षणभर फिरत राहते. ती पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये आणि डिस्कला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढावा.

बऱ्याच जखमा मात्र यंत्र चालू असताना होत नाहीत, धुताना होतात. साबणाच्या पाण्याने भरलेल्या सिंकमध्ये डिस्क दिसत नाही. ती कधीही इतर भांड्यांत टाकू नये. वाहत्या नळाखाली, कडेला धरून, ब्रशने, पात्याच्या पाठीकडून धारेकडे धुवावी. गाजराचा पिवळा डाग थोडे तेल चोळून जातो. डिस्क पुसून पूर्ण कोरडी करावी. धार गेली की कोबीच्या कडा फाटतात आणि कांद्याला पाणी सुटते. तेव्हा डिस्क बदलावी. घरी कानस लावून ती सुधारत नाही, कारण पाते आणि पृष्ठभाग यांतले अंतर बिघडते.

कारखान्यांत टूलच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो, म्हणजे कोणता कुठे ठेवायचा आणि कोणता जागेवर नाही ते लांबूनही दिसते. फूड प्रोसेसरलाही खरी गरज अशा ठरलेल्या, दिसणाऱ्या जागेची आहे. खोक्यात भरून माळ्यावर गेलेले यंत्र वर्षातून एकदा, गाजर हलव्याला खाली येते. ओट्याच्या कडेला, प्लगजवळ जागा मिळालेले यंत्र रोज चालते. घरात फूड प्रोसेसर असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावरून उतरवावा, डिस्क पुसून भिंतीवर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर टांगाव्यात आणि दट्ट्या नळीतच ठेवावा.